ओल्या फडक्याचं श्रेय

आमच्याकडं पिकअप म्हटलं की पांढरी डिझेल गाडीच लोकांच्या डोळ्यांपुढं येते. म्हणून आमच्या गाडीला गावानं वेगळं नाव दिलंय, 'पेट्रोलची'. जुनी महिंद्रा, जीपच्या जातीची, मागं पत्र्याचा हौदा आणि पुढं हरिकेन इंजिन. चार सिलिंडर, २१९९ सीसी. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, असली त्याची रचना. आयटीआयच्या पोरांना सांगितलं तर ती आधी हसतात, मग वाकून बघतात. आमच्या भागात अशा गाड्यांचं पेट्रोल इंजिन काढून लोकांनी कधीच डिझेल बसवून घेतलं. आण्णांनी बसवलं नाही. का म्हणून विचारलं तर "आवाज बरा हाय हिचा," एवढंच उत्तर.

धारूरजवळ आमची रोपवाटिका आहे. मिरची, टोमॅटो, फ्लॉवर, झेंडू. ऊन चढायच्या आत ट्रे भरायचे, घाट उतरायचा, तेलगाववरून माजलगावकडं धरणाच्या पाण्यावरच्या गावांत रोपं पोचवायची आणि येताना कोकोपीट, खताची पोती, जे काही लागतं ते घेऊन घाट चढायचा. हे काम गाडी वर्षानुवर्षं गुमान करत होती. मग ती येताना बंद पडायला लागली.

सकाळी एका सेल्फमध्ये सुरू. उतरताना काही कुरकुर नाही. दुपारी चढाला लागली, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तापलं, की बंद. अर्धा-पाऊण तास उभी ठेवली की पुन्हा सुरू आणि घरापर्यंत मग सरळ. धारूरचा घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. रस्ता अरुंद, वळणावर पुढचं दिसत नाही, मागून ट्रक हॉर्न वाजवतोय आणि मधेच आमची गाडी बोनेट वर करून उभी.

यावर आण्णांचा एक ठरलेला विधी होता. उतरायचं, कॅनमधल्या पाण्यानं फडकं ओलं करायचं आणि एसी पंपावर गुंडाळायचं. एसी पंप म्हणजे इंजिनच्या कॅमवर चालणारा पेट्रोलचा पंप. मग टाकीचं झाकण काढून आत काठी घालायची आणि पेट्रोल किती आहे ते बघायचं, कारण मीटरचा काटा मरून जमाना झालाय. मग दगडावर बसून तंबाखू मळायची. ती मळून, खाऊन, थुंकून झाली की सेल्फ मारायचा. गाडी सुरू. "पंप तापतोय, दुसरं काय न्हाई."

यात तथ्य नव्हतं असं नाही. पेट्रोल म्हणजे एकजिनसी वस्तू नव्हे. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४२ च्या पुढं असतो आणि बोनेटखाली तर विचारूच नका. पंपात नाहीतर नळीत पेट्रोलची वाफ धरली की पंप नुसता फडफडतो, ओढत काहीच नाही, कारण तो पातळ पदार्थासाठी बनवलेला असतो. ओल्या फडक्यानं पंप गार होतो, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. जुन्या ॲम्बेसेडरवाल्यांनी आणि जीपवाल्यांनी हे फडकं पिढ्यान् पिढ्या वापरलंय. पण आमची गाडी दिवाळीनंतरच्या थंडीतही घाटात उभी राहायला लागली, तेव्हा मला त्या फडक्याविषयी शंका यायला लागली.

त्याआधी व्हायचं ते सगळं होऊन गेलं होतं. प्लग बदलले. पंपाचं किट टाकलं. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर खोलून पेट्रोलमध्ये बुडवून धुतला. ठिणगीसाठी करंट तोडणारे-जोडणारे पॉइंट बदलले, त्या करंटचं व्होल्टेज वाढवणारी कॉइल बदलली. प्रत्येक वेळी दोन-चार फेऱ्या गाडी बरी चालायची, म्हणजे ज्यानं पार्ट बदलला त्याचं निदान खरं ठरायचं, आणि मग पुन्हा घाटात बोनेट वर. गॅरेजवाल्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या दारात गाडी नेली की ती ठणठणीत असायची. गार इंजिनवर रोग दिसतच नव्हता, मग अंदाजानं पार्ट बदलण्यापलीकडं ते तरी काय करणार? एकदा उलटं झालं, उतरायच्या आधीच बंद पडली, मागं मिरचीचे ट्रे, ऊन चढलेलं. कोवळ्या रोपांनी माना टाकल्या आणि गिऱ्हाईकानं अर्धे ट्रे परत पाठवले. त्या संध्याकाळी मी चाचांकडं गेलो.

केजच्या रस्त्याला चाचांचं गॅरेज आहे. जन्म जीपा आणि ॲम्बेसेडर दुरुस्त करण्यात गेला. आता नजर कमी झालीय म्हणून पाने नातवाच्या हातात आणि चाचा खुर्चीवर. मी बोनेट उघडायला गेलो तर म्हणाले, "रैने दे. पयले ये बता, बंद कैसी पडती? झटके मार मार के, के बटन दबाए सरखी?"

"दोन्ही तऱ्हेनं पडते, चाचा. कधी अशी, कधी तशी."

ते जरा थांबले. "दोनो तरा से पडती, तो दो बिमारी है. एक को देखते बैठे तो दुसरी छुप जाती."

मग त्यांनी जे सांगितलं ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ठिणगीचा करंट गेला की इंजिन एकदम थांबतं. गाडी वेगात असेल तर न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं, करंट मधेच आला की तिथं फट्ट असा बार होतो. पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी दम सोडते. एक्सलेटर दाबला की क्षणभर उचलते, पुन्हा झोपते, झटके देत देत मरते. आणि त्याच वेळी चोक ओढून बघायचा. चोक ओढला की हवा कमी होते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं. चोकानं गाडीत जीव आला तर पेट्रोल कमी पडतंय. काही फरक नाही पडला तर करंटकडं बघायचं. आम्ही चोक फक्त सकाळी थंडीत ओढायचो. मरत्या गाडीचा चोक ओढायचं कुणाच्या डोक्यात येतं?

त्यांनी नातवाला एक डबा भरून द्यायला लावला. दोन वायरी जोडलेला बारा व्होल्टचा बल्ब, एक हातभर पेट्रोल पाइप, पारदर्शक बाटली, लाकडी चिमटा. आणि ताकीद दिली, "अब बंद पडी तो फडका नै डालना, टाकी का ढक्कन नै खोलना. जो जैसा है वैसा रैने देना, और देखना."

आधी घरीच गार गाडीवर सगळं बघून घेतलं, म्हणजे चांगलं कसं दिसतं ते कळावं. जुन्या जीपला हँडल असतं ही मोठी सोय. चावी बंद ठेवून हँडल सावकाश फिरवलं की चारी सिलिंडरचा दम हाताला कळतो. एक जागा हलकी लागली असती तर व्हॉल्व्ह नाहीतर रिंगकडं बघावं लागलं असतं. चारी सारख्याच जड लागल्या. मग कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडला आणि सेल्फ मारला. पेट्रोल चिळकांड्यांनी येत होतं, प्रत्येक चिळकांडी सारखी, बुडबुडे नाहीत. पंपाच्या बुडाशी काचेची वाटी असते, ती भरलेली. बाटली लांब नेऊन ठेवली, सांडलेलं पुसलं, पाइप जोडला आणि मगच करंटला हात लावला. हे दोन्ही एकाच वेळी करणारे लोक मी पाहिलेत, त्यातल्या एकाच्या भुवया अजून उगवायच्या आहेत.

चारी प्लगांना ठिणगी वाटून देतो तो डिस्ट्रिब्युटर, त्याच्या टोपीतली मधली जाड वायर काढली, चिमट्यात धरून तिचं टोक ब्लॉकपासून पाव इंचावर ठेवलं आणि पुतण्याला सेल्फ मारायला सांगितलं. निळी, जाड ठिणगी. टक्, टक्, टक् असा आवाज लांबून ऐकू येणारा. हा आवाज लक्षात ठेवला.

मग बल्ब. एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या बोल्टाला, दुसरं बॉडीला. पॉइंट मिटलेले असताना करंट त्यातून जमिनीला जातो, बल्ब विझतो. पॉइंट उघडले की पेटतो. सेल्फ मारल्यावर बल्ब उघडझाप करायला लागला, म्हणजे चावीपासून पॉइंटपर्यंतचं सगळं काम चालू आहे. बल्ब सारखा पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांवर घाण आहे. अजिबात पेटला नाही तर चावीकडून करंटच येत नाही, नाहीतर पॉइंट चिकटलेत किंवा पॉइंट जळू नयेत म्हणून लावलेला कंडेन्सर शॉर्ट झालाय. पाच-दहा रुपयांचा बल्ब एवढं सांगतो, आणि आम्ही हजारांचे पार्ट बदलत होतो.

पुढच्याच खेपेला गाडीनं संधी दिली. येताना खताची पोती होती, पुतण्या शेजारी. चढ लागून थोडं वर आलो आणि इंजिन थांबलं. झटका नाही, गुरगुर नाही. सायलेन्सरमध्ये एक बार, आणि नुसता टायरांचा आवाज. चोक ओढला, काही नाही. दगड लावला, बोनेट उघडलं.

एअर क्लीनरचा पाइप काढून कार्बोरेटरच्या तोंडात डोकावलो आणि हातानं एक्सलेटर ओढला. आत पेट्रोलची बारीक धार उडाली. म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. पंप हाताला तापलेला लागत होता, तरी पेट्रोल होतं. बल्ब लावला, पुतण्यानं सेल्फ मारला, बल्ब उघडझाप करतोय. मधली वायर ब्लॉकजवळ धरली. काहीच नाही. वायर आणखी जवळ नेली तेव्हा एक पिवळी, दोऱ्याएवढी ठिणगी आली आणि गेली. सकाळचा तो टक् टक् आवाज कुठंच नव्हता.

कॉइलवर हात ठेवला आणि झटक्यात काढला. इंजिनपासून लांब, बॉडीच्या पत्र्यावर बसवलेली कॉइल. एवढी तापायचं तिला कारणच नाही.

मग मी फडकं ओलं केलं आणि कॉइलला गुंडाळलं. वरचं तोंड, जिथून जाड वायर निघते, ते कोरडं राहील एवढं बघितलं. पंपाला हात लावला नाही, टाकीचं झाकण तसंच. फडक्यातून वाफ निघत होती. पुतण्या म्हणाला, "काका, आण्णा तर पंपावर टाकतेत." म्हणलं, बघू तर. थोड्या वेळानं पुन्हा वायर धरली. निळी ठिणगी. टक्, टक्. गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाली, आणि पंप अजून पहिल्याइतकाच गरम होता.

गाडी चाचांकडं नेली. त्यांनी ओहम, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मोजायचा मीटर काढला. पहिल्यांदा मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवल्या, तर ०.३ ओहम. ते वायरींचं, ते वजा करायचं. कॉइलच्या दोन छोट्या बोल्टांमध्ये १.८ आलं, म्हणजे खरे १.५. चाचांनी मान हलवली. नातवानं कॉइल काढून बुडाचं ग्रीस पुसलं तर खाली बारीक इंग्रजी अक्षरं: बाहेरचा रेझिस्टर लावून वापरा.

गोम अशी आहे. बारा व्होल्टच्या गाड्यांना दोन तऱ्हांच्या कॉइल येतात. एक साधारण ३ ओहमची, ती बॅटरीला थेट जोडायची. दुसरी दीड ओहमच्या आसपासची, तिच्या वाटेवर करंटला आवर घालणारा वेगळा बॅलास्ट रेझिस्टर असतो. सेल्फ मारताना रेझिस्टरला वळसा घालून पूर्ण करंट द्यायचा, म्हणजे ठिणगी जोरदार मिळते, आणि गाडी सुरू झाली की रेझिस्टरमधून, म्हणजे कॉइल तापत नाही. आमच्या गाडीला असला रेझिस्टर कधीच नव्हता. हिशेब सोपा आहे. १२ ला ३ नं भागा, ४ अँपिअर. १२ ला १.५ नं भागा, ८. चार्जिंग चालू असताना १४ व्होल्ट धरले तर नवाच्या पुढं. एवढा करंट कॉइल थोडा वेळ सोसते, मग तिच्या आतलं इन्सुलेशन गरम होऊन दगा देतं. गार झाली की पुन्हा नवी. पॉइंट काढून बघितले तर त्यांची तोंडं निळी-काळी पडलेली. नवे टाकून फार काळ झाला नव्हता. ज्या दुकानातून कॉइल आणली तिथं विचारलं होतं आम्ही. "बारा व्होल्टचीच हाय की, बसतीय," हे उत्तर मिळालं होतं. आणि बसत होतीच ती, क्लॅम्पमध्ये.

जुनी कॉइल आण्णांनी टाकलेली नव्हती. आण्णा काहीच टाकत नाहीत, यावरून आमच्या घरात भांडणं होतात, पण त्या दिवशी आई गप्प बसली. गोडाऊनमध्ये स्प्रेच्या पंपाखाली कॉइल सापडली. मीटरवर वजाबाकी करून ३.२. धडधाकट. तीच परत बसवली. पॉइंट नवे घातले, लुकास डिस्ट्रिब्युटरला १५ थाऊचा, म्हणजे इंचाच्या १५ हजारांशाचा, गॅप फीलर गेजनं ठेवला. कंडेन्सरही बदलला, तो साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा असतो. पॉइंट जळत असतील तर तो संशयित असतोच, आणि स्वस्त असतो. ठिणगीचं टायमिंग बल्बवरच लावलं, पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या ५ अंश आधी. ही कामं चाचांचा नातू चहा येईपर्यंत उरकतो.

आता प्रश्न उरला तो हा: जुनी कॉइल चांगली होती, तर ती बदलण्याआधीही गाडी बंद पडत होती ती का? चाचा म्हणाले ती दुसरी बिमारी. तिची वाट बघायची.

वाट फार बघावी लागली नाही. काही दिवस गाडी छान चालली, एकदम बंद पडणं थांबलं ते थांबलंच. मग एका दुपारी माजलगावहून न थांबता येताना चढावर तिनं दम सोडला. यावेळी वेगळं होतं. एक्सलेटर दाबला की उचलायची, झटका द्यायची, पुन्हा बसायची. चोक ओढला आणि गाडी चक्क पुढं सरकली. दोन वळणं चोकावर ओढली, मग गेलीच.

मधल्या वायरीला निळी ठिणगी होती. कार्बोरेटरच्या तोंडात एक्सलेटर ओढून बघितला तर कोरडं. पंपाच्या काचेच्या वाटीत पेट्रोल तळाला बोटभर, वर मोकळं. पाइप काढून बाटलीत सोडला, सेल्फ मारला. दोन थेंब. बुडबुडेही नाहीत, आणि हे महत्त्वाचं. वाफ धरली असती किंवा पाइपला चीर असती तर बाटलीत फेस, बुडबुडे, थुंकल्यासारखं काही तरी आलं असतं. इथं पंप ओढतोय आणि मागून कुणी देतच नाही, असं चाललं होतं. पंपावर फडकं टाकलं, चाचांची ताकीद मोडून, एवढं एक बघायचंच म्हणून. पंप गार झाला. पेट्रोल आलं नाही.

मग टाकीपाशी गेलो आणि झाकण सावकाश फिरवलं. सुस्स करून हवा आत गेली. चांगला दोन-तीन सेकंद आवाज चालला, पुतण्याला गाडीच्या पलीकडून ऐकू आला. झाकण लावलं, सेल्फ मारला, बाटलीत चिळकांड्या पडायला लागल्या.

टाकीतून पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला पाहिजे. त्यासाठी जुन्या गाड्यांच्या झाकणाला बारीक वाट ठेवलेली असते. आमचं मूळ झाकण मागच्या एका यात्रेत चोरीला गेलं होतं आणि आम्ही बाजारातून एक चमकदार, कुलपाचं झाकण आणलं होतं. त्याला वाट नव्हती. पेट्रोल जसं संपेल तशी टाकीत हवेची ओढ वाढायची. सपाटीवर पंप कसंबसं भागवायचा, चढाला पेट्रोल जास्त लागतं तिथं हरायचा. सकाळच्या उतारावर काय लागतंय पेट्रोल? आणि आण्णा दर वेळी काठी घालून पेट्रोल बघायला झाकण उघडायचे. गाडी तिथंच बरी व्हायची. पुढचा अर्धा तास तंबाखूसाठी होता. नंतर चुकीची कॉइल आली तेव्हा तोच अर्धा तास कॉइल गार व्हायला कामी आला. दोन्ही आजारांचं औषध त्या विधीत होतं, नाव मात्र फडक्याचं झालं.

आण्णांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग झाकण उघडायचं ध्यान कुणाला होतं?"

भंगारातल्या एका जीपचं वाट असलेलं झाकण मिळालं. कुलपाच्या झाकणाला भोक पाडू म्हणून नातू निघाला होता, पण नुसतं भोक पाडलं तर गचक्याला पेट्रोल उसळून बाहेर येतं, आतून आडपडदा लागतो.

पंपाची काचेची वाटी उतरवली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. तळाला काळे, मऊ तुकडे, नखावर घेतले तर चिरडत होते. आणि त्यांच्याखाली दुधट पाण्याचा पातळ थर. काळे तुकडे टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी पाइपाच्या आतल्या अस्तराचे. पाइप कापून बघितला, बाहेरून धड, आतून फुगलेला आणि सुटलेला. हे इथेनॉलचं काम. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात सुरू झालं आणि आता पंपावर दुसरं सहसा मिळत नाही. जुन्या गाड्यांचं रबर ह्या मिश्रणासाठी बनवलेलं नाही. ते फुगतं, कडक होतं, तडकतं. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि पाणी फार झालं की ते दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. तक्रार कुणाकडं करणार? आमच्याच शिवारातला ऊस कारखान्यात जातो, त्याचं इथेनॉल होतं आणि ते आमच्याच पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, खातं. दोन्हीकडं पैसे आमचे फिरतात, एकदा यायला, एकदा जायला.

पाइप सगळे बदलले, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घेतले. महाग पडतात, मीटरवर मिळतात, मोजून घ्यायचे. टाकी उतरवून धुतली. एक्झॉस्टच्या जवळून जाणारी पेट्रोलची नळी जरा लांबून फिरवली आणि मधे पत्रा लावला, कारण वाफ धरणं हा प्रकार खरा आहे आणि मे यायचाच आहे. पंपात नवा डायफ्राम टाकला.

आता गाडी घाट चढते. उभी राहत नाही. पण चाचांनी एक भरलेली खेप करून, चढ संपताच इंजिन बंद करून प्लग काढायला लावले. चारींची तोंडं पांढरट. नीट जळणाऱ्या इंजिनचा प्लग फिकट विटकरी-तपकिरी दिसतो. पांढरा म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त. एक प्लग पांढरा असता तर त्या सिलिंडरचं दुखणं शोधलं असतं, चारी आहेत म्हणजे सगळ्यांचंच. याचाही संबंध इथेनॉलशी लागतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९. मिश्रण तेच जेट, तीच हवा घेऊन जळायला गेलं की हवा उरते, इंजिन तापतं, चढाला ओढ कमी पडते. नव्या गाड्यांत सेन्सर हे सांभाळून घेतो. सोलेक्स कार्बोरेटरला पितळेचा जेट असतो, त्याला जेवढं भोक तेवढं पेट्रोल.

मेन जेट एक नंबर मोठा टाकायचा ठरलंय. नातू जुन्याच जेटमध्ये बारीक ड्रिल फिरवायला निघाला होता, चाचांनी त्याच्या हातातून ड्रिल काढून घेतलं आणि खिशात टाकलं. जेट संभाजीनगरहून यायचाय. तोवर येताना खताची पोती निम्मीच भरतोय.